हक्काची सावली

माझ्या झेरॉक्सच्या दुकानात काउंटरवर मिठाची एक बाटली असते. होमिओपॅथीच्या गोळ्यांची असते तेवढीच, बुचाची. गिऱ्हाईक विचारतं, हे काय? मी म्हणतो, मीठ. ते विचारतं, काहून? मग मी त्याच्यावर खेकसतो. एका आधार कार्डाच्या झेरॉक्ससोबत एवढी मोठी गोष्ट फुकट कशी सांगायची?

बाटली सुलोचना गजभियेंची. आम्ही सगळे त्यांना गजभिये ताई म्हणायचो. तहसील कचेरीच्या भिंतीला लागून, माझ्या दुकानाच्या अगदी समोर, टिनाच्या एका पत्र्याखाली त्यांचं टेबल होतं. त्या अर्ज लिहून द्यायच्या. निराधार योजनेचे, रेशन कार्डाचे, दाखल्यांचे. कुणाचं नाव चुकलं म्हणून, कुणाचं गळालं म्हणून. सगळं ऑनलाइन झालं तरी लोकांना आधी हाताने लिहिलेला अर्ज हवा असायचा, आणि तो ताईंच्या हातचा हवा असायचा. त्या लिहायच्या, मी स्कॅन करून चढवायचो. अशी आमची कित्येक वर्षांची जोडी होती.

भिंतीला लागून अर्ज लिहिणारे आणखी चौघे होते. त्यांच्यापुढे गिऱ्हाईक उभं राहायचं. ताईंच्या टेबलापुढे मात्र एक खुर्ची असायची, आणि उभ्या माणसाचा अर्ज त्या लिहीतच नसत. एकदा कुहीकडची एक म्हातारी आली. खुर्चीकडे पाहून ती बिचकली. "माय, मी आपला खालीच बसतो," म्हणाली.

"खालून बोलशील तर मले वरून आयकू येत नाही," ताई म्हणाल्या. "बस वर."

म्हातारी खुर्चीच्या कडेला टेकली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. ताईंनी पेन खाली ठेवलं.

"रडून घे आधी. मंग सांग. पण अर्जात रडाचं नाही बरं. सायबाले रडनं वाचता येत नाही, तारीख वाचता येते."

ताईंचा अर्ज चार ओळींचा. काय झालं, कधी झालं, पुरावा कोणता जोडला, मागणं काय. संपलं. दयाळू, कृपाळू, चरणी मस्तक असले शब्द त्यांच्या टेबलावर चालत नसत. पारशिवनीचा एक जण हट्टालाच पेटला होता की, 'आपण आमचे मायबाप आहात' हे वाक्य टाकाच. ताईंनी कागद त्याच्यासमोर फिरवला. "तुह्या मायचं आन् बापाचं नाव वर लिवलं ना मी? मंग आता दुसरे मायबाप कायले आनतं गा?" मी आतून हसलो आणि त्याची दोन पानं वाकडी निघाली.

हे सगळं त्यांच्या बापाकडून आलं होतं. बाप मिलमध्ये कामाला होता. छप्पन साली त्याने दीक्षा घेतली तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटली होती. अंगात पांढरा सदरा होता, एकुलता एक. त्या दिवसापासून बापाने तीन नियम धरले आणि पुढे ते मुलीला दिले. साहेबापुढे जायचं तर कपडा स्वच्छ आणि इस्त्रीचा. हात जोडून वाकायचं नाही, ताठ उभं राहून जयभीम म्हणायचं. आणि खुर्ची रिकामी दिसली की बसायचं, कोणी सांगायची वाट पाहायची नाही. "माह्या आज्यानं लोकायच्या दाराभायेर उभ्यानं जनम काढला," असं तो म्हणत असे म्हणे. "आपल्या घरच्यानं आता उभं राहाचं नाही."

ताई रोज सकाळी स्वतः साडीला इस्त्री करायच्या. सुती साडी, खळ दिलेली, बसल्या की कागदासारखी कडक वाजायची. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं, एक पुतण्या होता तो कळमेश्वरच्या कारखान्यात शिफ्टमध्ये. पण त्यांच्याकडे पाहून कोणाला त्या एकट्या आहेत हे सुचायचं नाही.

दुखणं आलं ते चोरपावलांनी. आधी ताई काळवंडल्या. मुळातला रंग गव्हाळ. पण कोपरं, बोटांची पेरं, ओठांच्या कडा, सगळं काळं होत गेलं. आम्ही म्हणालो, उन्हात बसून बसून झालं असेल. मग मीठ सुरू झालं. कोपऱ्यावरच्या गाडीवर तर्री-पोहे घेतले की त्यावर मुठीने मीठ. संत्र्याच्या फोडीला मीठ. आणि कोणी पाहत नाही असं वाटलं की बाटलीतून तळहातावर घेऊन नुसतंच. मी म्हणायचो, "ताई, इतक्या मिठाला जागायला तुम्हाला सात जन्म पुरणार नाहीत." त्या हसायच्या. त्या थट्टेची मला आता लाज वाटते. त्यांचं शरीर मीठ मागत होतं आणि मला विनोद सुचत होते.

एका दुपारी त्या मला कागद द्यायला उठल्या, दोन पावलं आल्या आणि माझ्या काउंटरवर कपाळ आपटून खाली गेल्या.

त्यानंतर दीड वर्ष नुसत्या फेऱ्या. एक डॉक्टर म्हणाला, रक्त कमी आहे. दुसरा म्हणाला, थायरॉइड असेल. तिसऱ्याने सांगितलं, या वयात बायकांना असं होतं, मन रमवा. ताई वाळत चालल्या, उलट्या व्हायला लागल्या. अखेर सरकारी दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टर मुलीने त्यांचा हात उलटा केला आणि तळव्यावरच्या रेषा पाहिल्या. त्या शाईने ओढल्यासारख्या काळ्या झाल्या होत्या. "मावशी," तिने विचारलं, "मीठ खावंसं वाटतं का हो?" ताईंनी पिशवीतून बाटली काढून तिच्या टेबलावर ठेवली. "पहिल्यांदा कोनी बराबर सवाल पुसला," त्या मला नंतर म्हणाल्या, "म्हनून पुराव्यासकट जवाब देल्ला."

मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. लहानपणी झालेल्या टीबीने ताईंच्या त्या ग्रंथी खाऊन टाकल्या होत्या. त्यांच्यातून जो रस निघतो तो ताप, ऊन, भीती, दगदग या सगळ्यात माणसाला उभं ठेवतो, आणि ताईंच्या अंगात तो बनतच नव्हता. आता तो गोळीतून घ्यायचा. सकाळी मोठी, दुपारी छोटी, मरेपर्यंत. ताणाचा दिवस असला तर दुप्पट. चुकली तर माणूस काही तासांत जाऊ शकतो, म्हणून पिशवीत कायम एक इंजेक्शन. हे सगळं ताईंनी एका कागदावर चार ओळींत लिहून मला दिलं होतं आणि मी ते काउंटरच्या काचेखाली ठेवलं होतं.

गोळ्यांनी त्या उठून बसल्या. पण मे महिन्यात, त्या टिनाखाली, परत पडल्या. तेव्हा डॉक्टर मुलीने स्पष्ट सांगितलं, घामावाटे मीठ जातं, मीठ गेलं की रक्तदाब जातो, आणि पुढच्या खेपेला तुम्ही उठालच असं नाही. एप्रिल-मे बाहेर बसायचं नाही. नागपुरात एप्रिल-मे बाहेर बसू नका, हे आमच्याकडे कुत्र्यालासुद्धा सांगावं लागत नाही. पण तेच दोन महिने दाखल्यांच्या गर्दीचे. त्या दोन महिन्यांवर ताईंचा पावसाळा निघायचा.

मी म्हणालो, माझ्या दुकानात बसा. त्यांनी आत येऊन पाहिलं. एवढंसं दुकान, त्यात दोन मशिनी सतत तापलेल्या. बाहेरच्यापेक्षा आत जास्त भाजायचं. तरी मी कूलर लावतो म्हणालो. त्यांनी मान हलवली.

"मले दोन महिने सावली पाहिजे भाऊ. पन हक्काची. उपकाराची नाही."

ज्या निराधार योजनेचे अर्ज त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी लिहिले, तिच्यातच त्यांनी स्वतःचा अर्ज घातला. महिन्याचं अनुदान मिळालं असतं तर ते दोन महिने घरी बसता आलं असतं. त्यासाठी अपंगत्वाचा दाखला हवा होता, आणि दाखल्यासाठी बोर्डापुढे, म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या तीन डॉक्टरांपुढे, उभं राहायचं होतं.

पहिल्या वेळी फाइल धरायला मी सोबत गेलो. ताई खळ दिलेली पांढरी, निळ्या काठाची साडी नेसून आल्या. ताणाचा दिवस म्हणून नियमाप्रमाणे दुप्पट गोळी घेऊन आल्या. बाहेरच्या खिडकीवरचा बाबू आधार कार्डाकडे पाहत राहिला.

"हा फोटो कोणाचा?"

"माहा."

"बाई, फोटोतली बाई गोरी आहे."

"तेच तं सांगाले आली मी."

कसंबसं त्याने आत सोडलं. समोर तीन डॉक्टर, पुढे एक रिकामी खुर्ची. ताई जयभीम म्हणाल्या आणि बसल्या. मधल्या डॉक्टरने भुवया उंचावल्या. त्यांना चालायला लावलं, मूठ आवळायला लावली, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. ताईंनी सगळं नीट केलं. त्यांना कोणी काही करायला सांगितलं की त्या ते नीटच करायच्या.

"चालता येतं, दिसतं, ऐकू येतं. बोलता तर माझ्यापेक्षा चांगलं," तो म्हणाला. "अडचण काय आहे?"

ताईंनी चार वाक्यांत सांगितलं. डॉक्टरने संगणकात पाहिलं. "हा आजार यादीत नाही. आणि खरं सांगू का, तुम्ही तर छान दिसता."

"गोळी खाऊन आली म्हनून दिसतो."

"मग गोळीने बऱ्या होता ना!"

तो माणूस वाईट नव्हता. बाहेर व्हरांडाभर पाय नसलेली, डोळे नसलेली माणसं बसली होती, आणि त्याच्यासमोर खुर्चीत ताठ बसलेली इस्त्रीच्या साडीतली बाई. कागदावर आलं, तपासणीत अपंगत्व आढळले नाही. जिना उतरताना ताई चौथ्या पायरीवर बसल्या आणि बराच वेळ त्यांना उठता आलं नाही. मला वाटत होतं, वर जाऊन त्या डॉक्टरला बखोट धरून खाली आणावं आणि दाखवावं. पण मी फाइलने वारा घालत राहिलो.

आठवडाभर ताई दुसऱ्यांचेच अर्ज लिहीत राहिल्या. मग एक दिवस त्यांनी माझ्याकडून योजनेचे सगळे नियम छापून घेतले आणि ओळ न ओळ वाचली. अपंगत्वाच्या यादीत आजार नसला तरी, दीर्घ आजारामुळे कष्टाचं काम करता येत नाही असा बोर्डाचा दाखला चालेल, अशी एक ओळ तिथे खोल कुठेतरी पुरलेली होती. ताईंनी ती हुडकली. नवा अर्ज लिहिला. तारीख मिळाली एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली.

तो अर्ज वाचून माझं डोकं फिरलं. माझा स्वभाव तापट आहे. मशिनीशेजारी बसून दुसरं काय होणार?

"ताई, हा अर्ज आहे का किराण्याची यादी? एकट्या राहता ते लिहा. दोनदा मरता मरता वाचल्या ते लिहा. जरा रडा ना!"

"रडली तं वाचनार कोन?"

"मग साडी तरी चुरगळलेली नेसा. केस विस्कटून जा. लोक चांगले पाय असून लंगडत जातात, तुम्ही खरं दुखणं घेऊन ठणठणीत जाता!" जीभ सुटली ती सुटलीच. "आणि त्या दिवशी गोळी खाऊ नका. पाहू द्या त्यायले."

ताईंनी पेनाला टोपण लावलं. बोलणं संपलं की त्या टोपण लावायच्या. "हे तुमी बोलले नाही," त्या म्हणाल्या, "आन् मी आयकलं नाही."

मला वाटलं, विषय संपला.

त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात पंखे गरम हवा ढवळत होते. माझ्या खिशात ऊन लागू नये म्हणून कांदा होता. ताई आल्या त्या तीच निळ्या काठाची साडी नेसून, तशीच कडक. मी मनात म्हणालो, झालं, बाईंनी यंदाही सगळं नियमाने केलं. नंबर बराच मागे होता. आम्ही बाकावर बसलो.

तासाभराने त्यांचं बोलणं कमी झालं. दुसऱ्या तासाला त्यांनी डोळे मिटले. घाम पुसायला धरलेला पदर हातातून सुटला. मी पाणी पुढे केलं, त्यांनी मान हलवली. मी म्हणालो, मीठ घ्या थोडं. त्यांनी पुन्हा मान हलवली. ताईंनी मिठाला नाही म्हटलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

"ताई, सकाळची गोळी खाल्ली ना?"

त्यांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"ताई, मी काय पुसून राहिलो?"

"काल दुपारची खाल्ली," त्या हळूच म्हणाल्या. शब्द जड येत होते. "त्याच्यानंतर नाही."

मी पिशवीला हात घातला. त्यांनी ती छातीशी धरली. त्या अवस्थेतही त्यांची पकड सुटेना.

"अहो, मी मूर्ख आहे! मी रागाच्या भरात बोललो!"

"तुमच्यासाठी नाही केलं. पुरावा नाही ना भाऊ दुसरा. गोळी खाल्ली का पुरावा पुसून जाते." थोडं थांबून म्हणाल्या, "दवाखान्यातच तं हाओ. घाबरता काहून?"

दोन वाजता बोर्ड जेवायला उठणार होतं. पावणेदोन झाले होते. मी दाराशी गेलो. शिपाई म्हणाला, "नंबर से भैया, सब को जल्दी है." मी आवाज चढवला. त्यानेही चढवला. मी त्याची कॉलर धरणार इतक्यात ज्याचा नंबर होता तो माणूस, दोन्ही काखेत कुबड्या घेतलेला, बाजूला सरकला. "बाईले जाऊ द्या," तो म्हणाला. "मी काय पळून राहिलो का?"

ताई उठल्या. मी धरायला गेलो तर त्यांनी माझा हात सोडवला आणि निऱ्या सारख्या केल्या. आत चालत गेल्या. दार लोटायचं शिपायाला सुचलं नाही, म्हणून मी उंबऱ्यातून सगळं पाहिलं.

या वेळी मधे एक वयस्क डॉक्टरीणबाई होत्या, चष्म्याची दोरी गळ्यात. पुढची खुर्ची रिकामी होती. ताई जयभीम म्हणाल्या. बसल्या नाहीत. त्यांनी टेबलावर एक कागद ठेवला.

"बसा ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आधी कागद वाचा, मॅडम."

त्यांनी वाचायला सुरुवात केली, आणि वाचता वाचता त्यांचा आवाज मोठा होत गेला. 'आज सकाळची गोळी मी घेतलेली नाही. माझा रक्तदाब उभ्याने मोजावा व नोंद करावी. त्यानंतर सोबतचे इंजेक्शन देऊन पुन्हा मोजावा व नोंद करावी. दोन्ही नोंदी पाहून निर्णय व्हावा, ही विनंती.' खाली सही, मोत्यासारख्या अक्षरात.

डॉक्टरीणबाई ताडकन उठल्या. "अहो, काय हा वेडेपणा! खाली बसा आधी!"

"उभ्यानंच मोजा मॅडम," ताई म्हणाल्या. "बसली का चांगली दिसतो मी."

बाईंनी दंडाला पट्टा बांधला. फुगा दाबला, हवा सोडली, कपाळाला आठी पडली, पुन्हा दाबला. शेजारच्या डॉक्टरला त्यांनी आकडा सांगितला तेव्हा त्याचा हात लिहिता लिहिता थांबला. "लिहा," त्या ओरडल्या. त्याने लिहिलं. ताईंनी ते लिहिताना पाहिलं. मग दोरीवरून साडी घसरावी तशा त्या खाली गेल्या. खुर्ची त्यांच्या हातभर अंतरावर होती.

मी ओरडलो एवढं आठवतं. पिशवी उपडी झाली, इंजेक्शन सापडलं, स्ट्रेचर आलं, सलाइन लागलं, आणि दार माझ्या तोंडावर बंद झालं. बाहेर मी फाइल मांडीवर घेऊन बसलो. दोन तास. मी देवाचं फारसं करणारा नाही, पण त्या दोन तासांत ज्याला ज्याला हाक मारता येईल त्याला मारली. माझ्या जिभेचा मला इतका राग आला की दाताखाली धरून ती तोडावीशी वाटत होती. बाई मेली तर ती माझ्या बोलण्याने मेली, बाकी सगळं निमित्त, हे मला स्वच्छ कळत होतं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "तुम्ही कोण? मिस्टर?"

"नाही. झेरॉक्सवाला."

त्यांनी चष्मा नाकावर चढवला. "मेल्या असत्या त्या. कळतंय? आता शुद्धीवर आहेत. हे त्यांच्या डोक्यात कोणी भरवलं?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण बोललो नाही. "मी."

"त्यांना दाखला मिळेल. पहिल्या खेपेला एका वर्षाचाच देता येतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही मात्र पुन्हा माझ्यासमोर येऊ नका."

संध्याकाळी वॉर्डात गेलो. ताई पडून होत्या. साडीचा बोळा झालेला मी पहिल्यांदा पाहिला. मी म्हणालो, "ताई, मिळाला. एका वर्षाचा." मला वाटलं, हसतील. त्या छताकडे पाहत राहिल्या.

"खुर्ची रिकामी होती भाऊ."

"हो."

"आन् मी उभी राहिली." त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "आता बाबाले काय सांगू मी?"

आयुष्यभर दुसऱ्यांना 'रडून घे' म्हणणारी बाई त्या दिवशी रडली. मी बाजूच्या खाटेवरच्या पेशंटचं तापाचं कार्ड वाचत बसलो.

त्या मे महिन्यात टिनाखालचं टेबल रिकामं होतं. अनुदान मंजूर झालं. पुतण्या सांगायचा, काकू खिडकीला वाळ्याचा पडदा लावून बसते, दर तासाला पडद्यावर पाणी मारते आणि वस्तीतल्या पोरींचं अक्षर सुधरवते.

पण वर्ष म्हणजे काय, डोळा लागून उघडतो तेवढंच. दुखणं कायमचं आणि दाखला बारा महिन्यांचा. फेब्रुवारी लागला तशी माझी झोप उडाली. शेवटी धीर करून विचारलं, "ताई, आता दर साली असंच उभं राहायचं का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "या साली गोळी खाऊन जातो. एक डाव दाखवलं तो पुरावा होता. दुसऱ्या डाव दाखवलं तं तमाशा होते. नाही देल्ला तं नाही देल्ला. टिनाखाली बसीन."

टिनाखाली बसणं म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मला सल्ला द्यायचा अधिकार उरला नव्हता.

मार्चमध्ये गेलो. मला डॉक्टरीणबाईंची बंदी होती म्हणून मी बाहेरच थांबलो, पण त्या नव्हत्याच. दाराच्या फटीतून पाहिलं. मधे तोच होता, पहिल्या वर्षीचा डॉक्टर. ताई जयभीम म्हणाल्या, खुर्ची ओढली आणि बसल्या. त्याने मान वर केली. बहुतेक त्या साडीनेच त्याला ओळख पटली.

"तुम्ही? अहो, तुम्ही तर आजही चांगल्या..."

बोलता बोलता त्याने फाइल उघडली. वरच ताईंचा चार ओळींचा कागद टाचलेला होता. खाली दोन नोंदी, एक इंजेक्शनच्या आधीची, एक नंतरची. आणि त्याखाली लाल शाईत डॉक्टरीणबाईंचं अक्षर, जे मी पुढे झेरॉक्स काढताना वाचलं: 'ही तपासणी या रुग्णावर पुन्हा करू नये. कायमच्या दाखल्याची शिफारस.' त्याने ते वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. चष्मा काढला.

"बसा," तो म्हणाला. ताई आधीच बसलेल्या होत्या.

बाहेर आल्यावर त्यांनी दाखला मिळाला हे मला सांगितलंच नाही. "बसली मी," एवढंच म्हणाल्या. तो कागद मला त्यांच्या हातात दिसला, कायमचा.

त्या मे महिन्यातही ताई घरी होत्या, हक्काने. पावसाळा लागल्यावर परत आल्या आणि डिसेंबरपर्यंत रोज होत्या. उन्हाने त्यांना नेलं नाही, उन्हाला त्यांनी हरवलं होतं. डिसेंबरातल्या एका रविवारी त्यांना ताप आला, उलट्या सुरू झाल्या, गोळी पोटात टिकेना. इंजेक्शन पिशवीत होतं, पण ते टोचायला घरात दुसरं कोणी नव्हतं. कळमेश्वरहून पुतण्या पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. मी तिथून पंधरा मिनिटांवर राहतो. मला फोन का केला नाही, हे मी त्यांना अजून मनातल्या मनात, भांडून विचारत असतो.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते आदल्या शुक्रवारी. त्या टेबल आवरत होत्या. गिऱ्हाइकाची खुर्ची रोज माझ्या दुकानात ठेवत. मी ती आत आणून, उलटी करून माझ्या टेबलावर ठेवायला लागलो.

"उलटी काहून करता?" त्या म्हणाल्या. "अजून उजेड आहे. एखांदं मानूस आलं तं उभं राहीन ना."

मी खुर्ची परत सरळ ठेवली. त्या कडक साडीत, पिशवी खांद्याला लावून, रस्ता ओलांडून गेल्या. मागे पाहिलं तर काउंटरवर मिठाची बाटली राहिलेली. मी हाक मारली. त्यांनी वळून हात हलवला. "राहू द्या, सोमवारी घेतो."

त्यांच्या टेबलाच्या जागी आता दुसरा एक जण लॅपटॉप घेऊन बसतो. खुर्ची मी त्याला दिली नाही. दुकानाबाहेर, पायरीशी ठेवली आहे. काल खेड्यातली एक बाई आली, हातात कागदांची पिशवी. माझी मशीन अडकली होती, वेळ लागणार होता. बघतो तर ती खुर्चीला हात लावून शेजारी उभी. माझं डोकं फिरलं. मी आतूनच ओरडलो.

"खुर्ची रिकामी आहे ना वं माय! बस की."